कान घडतो गर्भात : वाढघटकांच्या संदेशांची ओळख

कान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारी पाळी येते. लहान मुलाचा सोनाराकडून टोचून घेतो तो हाच कान, आणि गृहपाठ केला नाही म्हणून गुरुजी पिळीत तोही हाच. परंतु ऐकण्याचे खरे काम करणारा कान आपणास कधीच दिसत नाही. बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण असे कानाचे तीन भाग असून त्यांपैकी अंतर्कर्ण हा कवटीच्या अत्यंत टणक हाडात दडलेला असतो. गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी त्यात असते. तिला कॉक्लिया म्हणतात. आपण तिला शंखनलिका म्हणू. शंखनलिकेने ऐकू येते. तिच्याच शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांच्यामुळे आपला तोल सांभाळला जातो. वाटाण्याएवढ्या जागेत बसणारे हे शंखाचे वेटोळे उलगडले तर त्याची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरते.

हे यंत्र मातेच्या उदरात कसे घडते, त्याची जागा कोण ठरवते, ऐकण्याचा भाग कोणता आणि तोलाचा कोणता हे पेशींना कसे समजते, याची माहिती या लेखात देण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही बँकेत कारकुनी करणारे आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. तरीही हा विषय निवडला, त्यास कारण आहे. एखाद्या घरात जन्मतः ऐकू न येणारे मूल जन्मास आले की पहिला ठपका येतो तो आईवर. गरोदरपणी तिने ग्रहण पाळले नाही, विळी हातात धरली, नको ते खाल्ले, असे दोष आजही तिच्या माथी मारले जातात. शिकलेल्या घरांतही हे बोल आम्ही ऐकले आहेत. शास्त्राने गेल्या काही दशकांत या प्रश्नाचे जे उत्तर शोधले आहे ते ठाऊक झाले, तर या ठपक्यात तथ्य नाही हे कोणाच्याही ध्यानात येईल. म्हणून विद्यार्थी मित्रांनी आणि विशेषतः घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी हा लेख सावकाश वाचावा, ही विनंती.

वाढघटक म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. एका फलित पेशीपासून दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ अशी तिची वाढ होत जाते. सर्व पेशींजवळ जनुकांचा संच एकच असतो. असे असता एक पेशी हाडाची, दुसरी मज्जातंतूची आणि तिसरी कानाची का होते? याचे उत्तर असे की पेशी एकमेकींशी बोलतात. अर्थात त्यांची भाषा रसायनांची असते. एक पेशी विशिष्ट प्रथिन बाहेर सोडते. ते शेजारच्या पेशीपर्यंत पोचते आणि तिच्या पृष्ठभागावरील दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. या दुसऱ्या प्रथिनास ग्राही म्हणतात. संदेश आणि ग्राही जुळले की पेशीच्या आत हालचालींची साखळी सुरू होते, काही जनुके जागी होतात, काही झोपी जातात आणि पेशीचे पुढचे आयुष्य बदलते. अशा संदेशवाहक प्रथिनांपैकी पेशींची वाढ, विभाजन व घडण यांना चालना देणाऱ्या प्रथिनांना वाढघटक म्हणतात.

आमच्या व्यवसायातील उदाहरण द्यायचे तर, चेकवरील सही बँकेतील नमुना सहीशी जुळली तरच चेक वटतो. चेक कितीही मोठ्या रकमेचा असो, ज्या शाखेत ती नमुना सही नाही तेथे त्याचा उपयोग नाही. तसेच वाढघटकाचे आहे. ज्या पेशीवर त्याचा ग्राही आहे तिलाच तो संदेश कळतो. बाकीच्या पेशींजवळून तो नुसता निघून जातो.

या लेखात ज्याचे नाव वारंवार येईल तो वाढघटकांचा गट एफजीएफ या नावाने ओळखला जातो. संयोजी ऊतीतील तंतुजनक पेशींची वाढ करणारा घटक म्हणून त्याला हे नाव पडले. १९७४ साली डेनिस गोस्पोदारोविच यांनी गाईच्या पियुषिका ग्रंथीपासून असा घटक वेगळा केला. पुढे त्याची भावंडे सापडत गेली. आज माणसात या कुटुंबातील २२ सदस्य ज्ञात असून त्यांना क्रमांकांनी ओळखतात.

निजण्याच्या खोलीतील प्रयोगशाळा

वाढघटक ही कल्पना मुळात ज्या संशोधनातून रुजली त्याची हकीकत विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांचा जन्म १९०९ साली इटलीतील तुरीन शहरी झाला. वैद्यकीय पदवी घेऊन त्या संशोधनाच्या उंबरठ्यावर उभ्या असतानाच १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे केले. ज्यू असल्यामुळे त्यांना विद्यापीठाचे दार बंद झाले. बुद्धी तीच आणि पदवीही तीच, परंतु अमुक कुळात जन्म झाला एवढ्याच कारणावरून दार बंद! या घटनेचा अर्थ आपल्या वाचकांना निराळा समजावून सांगावा लागू नये.

रीटाबाई हातपाय गाळून बसल्या नाहीत. घरातील निजण्याच्या खोलीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून त्यांची शस्त्रे केली. कोंबडीची अंडी आणून त्यांतील भ्रूणांच्या मज्जातंतूंची वाढ त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागल्या. बाँबफेक सुरू झाल्यावर हा सारा पसारा त्यांनी खेड्यात हलवला, पण काम थांबवले नाही. युद्धानंतर १९४७ साली त्या अमेरिकेत व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेल्या. मज्जातंतूंना वाढवणारा एक पदार्थ शरीरात असतो, हे तेथे १९५०च्या दशकात त्यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाले. तो पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवण्याचे काम जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी केले. १९८६ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. रीटाबाई २०१२ साली वयाच्या १०३ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांना सापडलेल्या घटकाचीच दोन भावंडे आपल्या कानाची नस जिवंत ठेवतात. त्याविषयी पुढे येईलच.

कानाची जागा ठरते ती वेळ

मानवी गर्भात अंतर्कर्णाची पहिली खूण गर्भधारणेनंतर सुमारे २२ व्या दिवशी उमटते. त्या वेळी गर्भाची लांबी अवघी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही कमी असते. आईची पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. कित्येकींना तोवर आपणास दिवस गेल्याची कल्पनाही नसते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

या सुमारास मेंदूचा मागचा भाग, ज्याला पश्चमस्तिष्क म्हणतात, तो घडत असतो. त्याच्या दोन्ही बाजूंस असलेल्या बाहेरच्या त्वचेच्या पेशी एका लहानशा जागी जाड होतात. ही झाली कर्णपट्टिका. मग ही पट्टिका आत दबू लागते आणि तिचा खळगा होतो. खळग्याचे तोंड मिटत जाते आणि चौथा आठवडा संपण्याच्या सुमारास त्वचेपासून सुटी झालेली एक इवलीशी पिशवी तयार होते. तिला कर्णपुटिका म्हणू. याच पिशवीतून पुढे शंखनलिका, अर्धवर्तुळाकार नलिका आणि मेंदूकडे संदेश नेणारे मज्जातंतू घडतात. मासा, बेडूक, कोंबडी, उंदीर आणि माणूस या सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत आरंभीच्या या पायऱ्या बऱ्याच सारख्या असतात. म्हणूनच माशावर वा कोंबडीच्या भ्रूणावर केलेल्या प्रयोगांतून माणसाच्या कानाविषयी पुष्कळ कळू शकते.

आता मुख्य प्रश्न असा की, त्वचेच्या इतक्या पेशींतून नेमक्या याच पेशींनी कान का व्हावे? शेजारच्या ऊती त्यांना तसे सांगतात, असे याचे उत्तर आहे. एका ऊतीने दुसरीची घडण ठरवणे ही कल्पना नवीन नव्हे. १९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी पाणसरड्याच्या भ्रूणातील एक तुकडा दुसऱ्या भ्रूणात बसवून तेथे दुसरे शरीर घडू लागते असे दाखवले होते. मात्र तो संदेश कोणत्या रसायनाचा, हे समजण्यास पुढे अनेक दशके जावी लागली.

संदेश कोण देतो?

कानाच्या बाबतीत हा संदेश प्रामुख्याने एफजीएफचा असतो. पश्चमस्तिष्काच्या ज्या भागाशेजारी कान घडतो, तो भाग एफजीएफ-३ तयार करतो. त्वचेच्या खाली असलेला मधला थरही एफजीएफ पुरवतो. उंदरात हे काम एफजीएफ-१० करतो, तर कोंबडीत एफजीएफ-१९.

हे शास्त्रज्ञांनी कसे ठरवले? ज्याचे काम समजून घ्यायचे तो घटकच काढून टाकायचा आणि काय बिघडते ते पाहायचे, ही त्यांची रीत. उंदरात एफजीएफ-३ चे जनुक निकामी केले तर कर्णपुटिका तयार होते, जरी पुढील घडणीत दोष राहतात. एकट्या एफजीएफ-१० चे जनुक काढले तरीही लहानशी पुटिका होतेच. परंतु दोन्ही जनुके एकाच वेळी निकामी केली तेव्हा कर्णपुटिका झालीच नाही! २००३ साली दोन निरनिराळ्या संशोधन गटांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. झेब्राफिश नावाच्या छोट्या माशात एफजीएफ-३ आणि एफजीएफ-८ ही जोडी हेच काम करते, हे त्यापूर्वीच, २००१-२००२ च्या सुमारास, दिसून आले होते.

बँकेत नवरा-बायकोचे संयुक्त खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे असते. दोघांपैकी एकाची सही असली तरी व्यवहार होतो, पण दोघेही नसतील तर खाते अडते. उंदरातील या दोन घटकांचे नाते काहीसे असेच आहे.

कोंबडीच्या भ्रूणात मात्र ‘दोघांच्या सह्या’ लागतात असे दिसते. २००० साली राज लाधर आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवले की, खालच्या थरातील एफजीएफ-१९ आणि मेंदूकडून येणारा विंट नावाचा दुसरा संदेश हे दोन्ही मिळून दिले की भ्रूणाच्या त्वचेत अंतर्कर्णाच्या खुणा पुरतेपणी उमटतात. या संदेशाच्याही मागे आणखी एक संदेश असतो. कोंबडीच्या भ्रूणात सर्वांत आतला थर एफजीएफ-८ सोडतो, त्यामुळे मधला थर एफजीएफ-१९ बनवू लागतो आणि मग त्वचेला निरोप मिळतो. म्हणजे निरोपामागून निरोप अशी ही साखळी आहे. हे लाधर पुढे बंगळुरू येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात कानाच्या घडणीवर संशोधन करू लागले. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आहे. विज्ञान शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी. असे काम करण्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही.

एफजीएफचा संदेश मिळालेल्या सर्वच पेशी कान होत नाहीत. २००६ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दिसले की, या पेशींपैकी ज्यांना विंटचा संदेश भरपूर मिळतो त्या कर्णपट्टिका होतात आणि ज्यांना तो कमी मिळतो त्या साध्या त्वचेच्या पेशी बनतात. विंटचा मार्ग अडवला तर कानाची जागा आकसते, आणि तो अवाजवी चालू ठेवला तर ती पसरते. एफजीएफने अर्ज मंजूर करावा आणि कानाची हद्द विंटने आखून द्यावी, असा हा कारभार आहे.

ऐकणे खाली, तोल वर

कर्णपुटिका तयार झाली तरी ती अजून नुसती गोल पिशवी असते. तिची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे तिला सांगावे लागते. हे कामही शेजारीच करतात. मेंदूच्या नळीच्या वरच्या कडेकडून विंटचा संदेश येतो आणि वरच्या भागातून तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिका घडू लागतात. खालच्या बाजूने, म्हणजे पाठीच्या कण्याच्या जागी आधी असणाऱ्या पृष्ठरज्जूकडून आणि मेंदूच्या नळीच्या तळाकडून, सॉनिक हेजहॉग नावाचा संदेश येतो. त्यामुळे खालच्या भागातून शंखनलिका फुटते. हा खालचा संदेश ज्या उंदरांत नसतो त्यांच्यात शंखनलिका घडतच नाही. पुढची बाजू आणि मागची बाजू ठरवण्यात अ जीवनसत्त्वापासून होणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा हात असतो.

मानवी गर्भात शंखनलिकेचे अडीच वेढे दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुरे होतात. आत सूक्ष्म रचना घडण्याचे काम पुढे चालूच राहते. शंखनलिकेत रोमपेशी नावाच्या पेशींच्या ओळी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विजेच्या संदेशात रूपांतर त्याच करतात. आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या तीन ओळींत मिळून सुमारे १२,००० रोमपेशी प्रत्येक कानात असतात. कोणत्या पेशीने रोमपेशी व्हावे आणि कोणी तिला आधार देणारी शेजारीण व्हावे, हे नॉच नावाच्या संदेशाने ठरते. रोमपेशी होऊ घातलेली पेशी शेजारणीला जणू सांगते की, तू माझ्यासारखी होऊ नकोस. त्यामुळे एक रोमपेशी आणि भोवती आधारपेशी अशी नक्षी उमटते.

येथेही एफजीएफ पुन्हा हजर होतो. एफजीएफ-२० नसलेल्या उंदरांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ते उंदीर एरवी धडधाकट होते, पण बहिरे होते. त्यांच्या बाहेरच्या रोमपेशींपैकी सुमारे दोन तृतीयांश तयारच झाल्या नव्हत्या. आतल्या रोमपेशी एफजीएफ-८ सोडतात आणि त्यामुळे शेजारच्या पेशी खांबांसारख्या उभ्या राहून दोन्ही ओळींच्या मधला बोगदा पेलून धरतात. हा संदेश झेलणारा ग्राही नसलेले उंदीरही बहिरेच निपजतात.

कानाच्या मज्जातंतूंचे काय? त्या पेशी कर्णपुटिकेतूनच सुट्या होतात आणि रोमपेशींशी व मेंदूशी जोडल्या जातात. त्यांना जिवंत राहण्यासाठी दोन घटकांचा खुराक सतत लागतो. रीटाबाईंना सापडलेल्या घटकाची भावंडे म्हणून ज्यांचा वर उल्लेख केला ते हेच. ही दोन्ही नसतील तर उंदराच्या अंतर्कर्णातील सर्व मज्जापेशी मरून जातात. कान घडला पण नस राहिली नाही, अशी गत होते.

थांबणेही तितकेच महत्त्वाचे

वाढघटक म्हटले की जेवढे जास्त तेवढे चांगले, असा समज होण्याचा संभव आहे. बाजारातील टॉनिकच्या जाहिरातींनी आपल्याला तशी सवयच लावली आहे. गर्भात तसे चालत नाही. एफजीएफला लगाम घालणारे स्प्राउटी-२ नावाचे एक प्रथिन आहे. ते नसलेल्या उंदरांत खांबपेशी जरुरीपेक्षा जास्त झाल्या आणि उंदीर बहिरे झाले, असे २००५ साली दिसून आले. त्याच उंदरांत एफजीएफ-८ चे प्रमाण जनुकांद्वारे कमी केले तेव्हा दोष बराच सुधारला. संदेश अपुरा पडला तरी बहिरेपण आणि अवाजवी झाला तरी बहिरेपणच. मात्रा, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट अशी की, हेच वाढघटक शरीरात इतर ठिकाणीही काम करतात. एफजीएफ-१० नसलेल्या उंदराला फुप्फुसे आणि पाय फुटत नाहीत. कानासाठी वेगळी भाषा आणि पायासाठी वेगळी, असे निसर्गाने केलेले नाही. थोड्याच संदेशांच्या निरनिराळ्या जुळणीतून सारे शरीर उभे राहते.

संदेशच लिहिला गेला नाही तर

आता माणसाकडे वळू. २००७ साली तुर्कस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून असे आढळले की, एफजीएफ-३ या जनुकात दोष असलेल्या मुलांना अंतर्कर्णच नसतो. त्यांची बाहेरची पाळी लहान असते आणि दातही बारीक असतात. या विकारास लॅम सिंड्रोम असे नाव आहे. उंदरात एकटा एफजीएफ-३ गेला तर दुसरा घटक पुष्कळसे निभावून नेतो. माणसात मात्र तसे होत नाही. प्राण्यांवरील प्रयोग वाट दाखवतात, तथापि शेवटची खात्री माणसाच्या अभ्यासानेच करावी लागते, ती यासाठी.

हा विकार फार दुर्मीळ आहे. जन्मजात बहिरेपणाची बहुतेक कारणे वेगळी असतात. कित्येक मुलांत कानाची घडण ठीक असते, पण रोमपेशींच्या कामाला लागणाऱ्या एखाद्या प्रथिनाचे जनुक सदोष असते. जन्मतः ऐकू न येणारी मुले हजारी साधारण एक ते दोन असतात आणि त्यांपैकी निम्म्या किंवा अधिक मुलांत कारण आनुवंशिक असते.

लॅम आणि जन्मजात बहिरेपणाचे बरेच आनुवंशिक प्रकार यांत एक गोष्ट समान आहे. मुलाला दोष येण्यासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात. एक आईकडून येते आणि दुसरी बापाकडून. आईबाप दोघांनाही उत्तम ऐकू येत असते, कारण दोघांजवळ प्रत्येकी एक प्रत चांगली असते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला हा दोष येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे यात बापाचा वाटा आईइतकाच असतो. आणि ‘वाटा’ म्हणजे ‘दोष’ नव्हे. आपल्याजवळ कोणती जनुके आहेत हे कोणीही निवडून घेतलेले नसते.

आता ग्रहणाचा विचार करा. कानाची जागा ठरते ती पाळी चुकल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, आणि सदोष प्रत आलेली असते त्याच्याही आधी, गर्भधारणेच्या क्षणी. सातव्या महिन्यातल्या ग्रहणात तिने भाजी चिरली म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडून गेलेली गोष्ट कशी बदलावी? चंद्राची सावली पृथ्वीवर पडणे आणि गर्भातील एका प्रथिनाची घडण यांचा काडीचाही संबंध नाही. ज्या सुनेला, ज्या लेकीला असले बोल ऐकावे लागतात तिच्या बाजूने आपल्यापैकी प्रत्येकाने बोलले पाहिजे.

आपल्या हाती काय आहे?

आपल्याकडे अनेक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी करून घेण्याची चाल आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांत जनुकांचा आठवा हिस्सा सामाईक असतो, त्यामुळे तोच दोष दोघांतही असण्याची शक्यता वाढते. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात हे खरे. तथापि घराण्यात जन्मजात बहिरेपणाची उदाहरणे असतील तर असे लग्न ठरवण्यापूर्वी आनुवंशिकीतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. नात्यातली सोयरीक मोडली तर मने दुखावतील, या भीतीने हा विषय टाळू नये.

गर्भाच्या कानाला बाहेरूनही धोका असतो. गरोदरपणाच्या आरंभीच्या महिन्यांत आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाला तर बाळाचे डोळे, हृदय आणि कान बिघडू शकतात. या रोगाचा गर्भावर होणारा परिणाम १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी प्रथम दाखवून दिला. यावर लस आहे. भारतात गोवर-रुबेला लसीची मोहीम २०१७ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून राबवली गेली. मुलामुलींचे हे लसीकरण चुकवू नये. तसेच गरोदर स्त्रीने कोणतेही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काही प्रतिजैविके कानाला घातक असतात.

बाळ जन्मल्यानंतरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. ‘आमच्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात’ असे म्हणून वर्षे घालवली जातात. ऐकू न येणारे तान्हे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, आवाज काढते. त्यामुळे घरच्यांची फसगत होते. पहिल्या महिन्यात कानांची चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारास आरंभ, असा दंडक जगभर मानला जातो. ओएई आणि बेरा या तपासण्यांनी झोपलेल्या तान्ह्या बाळालाही ऐकू येते की नाही हे कळते. त्यांत सुई टोचत नाही वा दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली सुरू झाला, जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

ज्या मुलाची शंखनलिका आणि नस शाबूत आहे पण रोमपेशी काम करीत नाहीत, त्याला कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेल्या यंत्राचा उपयोग होऊ शकतो. लॅमसारख्या विकारात अंतर्कर्णच नसल्याने तो मार्ग बंद असतो. म्हणून आधी स्कॅन करून आतली घडण पाहतात. आणि यंत्र असो वा नसो, मुलाला भाषा मिळालीच पाहिजे. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तीत शिक्षण घेता येते. ती वापरण्यात कमीपणा कसला?

पुढची वाट

आपल्या रोमपेशी जन्मापूर्वीच तयार होतात आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांचे तसे नाही. कोंबडी आणि लाव्हा पक्षी यांच्या मेलेल्या रोमपेशी पुन्हा तयार होतात, हे १९८८ साली सिद्ध झाले. आधारपेशींमधूनच त्या उगवतात. ही किमया सस्तन प्राण्यांत का होत नाही, याचा शोध चालू आहे.

२०१३ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदराच्या मूळपेशींना गर्भातील क्रमानेच संदेश दिले. आधी एक घटक, मग त्याला लगाम आणि त्याच सुमारास एफजीएफ. काही आठवड्यांत त्या बशीत रोमपेशी असलेल्या अंतर्कर्णासारख्या पुटिका तयार झाल्या. २०१७ साली मानवी पेशींपासूनही हे साधले. गर्भातील संदेशांचा क्रम आपणास बऱ्याच अंशी बरोबर समजला आहे, याचा हा पुरावाच होय. २०२४ साली चीनमधील डॉक्टरांनी एका विशिष्ट जनुकाच्या दोषामुळे बहिऱ्या असलेल्या सहा मुलांवर जनुकोपचार केल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. हा उपचार त्या एकाच प्रकारच्या दोषासाठी आहे, सर्वांसाठी नव्हे. तरीही काही दशकांपूर्वी ज्यास असाध्य म्हणत त्याची कवाडे किलकिली झाली आहेत.

कोंबडीच्या अंड्यात डोकावणाऱ्या, माशाच्या पिलांत जनुके बंद करून पाहणाऱ्या माणसांच्या चिकाटीतून हे ज्ञान गोळा झाले आहे. आपल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी या वाटेने गेले तर आम्हांस आनंदच होईल. न गेले तरी, आपल्या वस्तीत पुढच्या वेळी एखादे तान्हे बाळ आवाजाला दचकत नाही असे कानावर आले, तर त्या घरी जाऊन आईला धीर द्यावा, बाळाला त्याच आठवड्यात तपासणीस न्यावे आणि ग्रहणाची गोष्ट काढणाऱ्यास चौथ्या आठवड्याची गोष्ट सांगावी. एवढे जरी घडले तरी हा लेख लिहिण्याचा हेतू सफल झाला, असे आम्ही समजू.